नदीकाठची काळी व पांढरी

प्राथमिक शाळेच्या भूगोलात नदीचे कार्य झीज, वहन व संचयन या तीन शब्दांत सांगितले जाते. डोंगरावर नदी खडकाची झीज करते, उतारावरून दगडमाती वाहून नेते आणि सपाटीवर ती टाकते. या गाळाने पूरमैदान बनते, एवढे सांगून पाठ संपतो. हे विवेचन खरे असले तरी अपुरे आहे. त्यात पाऊसमान सदैव एकसारखे असल्याचे गृहीत धरलेले असते आणि माणसाला तर कोठेच स्थान नसते. वास्तविक नदीकाठची जमीन आज दिसते तशी घडली ती हजारो वर्षांत बदलत गेलेल्या पाऊसमानामुळे आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या हातांमुळे. महाराष्ट्रात १८५३ साली आगगाडी सुरू झाली आणि १९२६ साली प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. त्यापूर्वीच्या काळात, म्हणजे यंत्रांची व मोठ्या धरणांची साथ नसताना, ही घडण कशी झाली, हे गोदावरी, प्रवरा, घोड व पांझरा या नद्यांच्या आधारे पुढे दिले आहे.

दुसरीकडचा पाऊस

प्रथम एक साधी गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविली पाहिजे. प्रवरा सह्याद्रीत उगम पावते. तेथे घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सुमारे २०० किलोमीटर वाहून ती गोदावरीस मिळते, त्या नेवासे-श्रीरामपूर भागात मात्र पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपासच असतो. घोड नदीची स्थितीही अशीच आहे. तिचा उगम पावसाळी डोंगरात, पण शिरूरकडील काठ अवर्षणाच्या पट्ट्यात येतो. यामुळे पुष्कळदा असे होते की, गावावर आभाळ कोरडे असते, शेतातील पीक माना टाकते आणि त्याच वेळी नदी मात्र दुथडी भरून वाहत असते.

दख्खनच्या पठारावर नदीकाठाला महत्त्व आले ते या विसंगतीमुळे. डोंगरावर पडलेला पाऊस नदी कोरड्या मुलखात आणून देते. तो ज्याला वापरता आला त्याचे पीक तगले. म्हणून आरंभीची शेतकरी गावे पठारावर सर्वत्र विखुरलेली आढळत नाहीत. ती बहुतांशी नद्यांच्या काठाने आढळतात.

गाळ कधी साठला, नदी कधी खोल गेली

प्रवरेच्या किंवा घोडेच्या काठी उभे राहिले म्हणजे नदीचे पात्र बरेच खाली आणि दोन्ही तीरांवर मातीच्या उंच, उभ्या दरडी दिसतात. दरडीत खाली गोटे व वाळू, त्यावर पिवळसर-तपकिरी मातीचे थर, मधून मधून पांढऱ्या चुनखडीच्या गाठी आणि सर्वांत वर काळसर माती असा क्रम पुष्कळ ठिकाणी आढळतो. ही सारी माती नदीनेच आणून टाकली आहे. मग आजचा नेहमीचा पूर त्या उंचीपर्यंत का पोचत नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. आणि तो योग्यच आहे.

याचे उत्तर हवामानात आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शरद राजगुरू व भूगोलाचे अभ्यासक विश्वास काळे यांनी पश्चिम दख्खनमधील नद्यांच्या थरांचा अभ्यास करून हा इतिहास उलगडला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुगाचा कडाका होता, तेव्हा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा दुबळा होता. डोंगरउतारांवरील झाडझाडोरा विरळ झाला, माती मोकळी झाली; परंतु ती दूर वाहून नेण्याइतके जोरकस पाणी नद्यांत राहिले नाही. त्यामुळे गाळ खोऱ्यांतच साठत गेला. पुढे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मोसमी पावसाने पुन्हा जोर धरला. भरल्या पाण्याच्या नद्यांनी आपणच टाकलेला गाळ कापून पात्रे खोल केली आणि जुने पूरमैदान वर, उंचावर राहून गेले.

यावरून एक महत्त्वाचा नियम हाती येतो. पाऊस कमी झाला म्हणजे नदी केवळ आटते असे नव्हे, तर ती काठ भरीत जाते. पाऊस वाढला म्हणजे केवळ पूर येतात असे नव्हे, तर नदी आपले पात्र खोल करते. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांतील जुन्या गाळात हत्ती, रानबैल यांसारख्या प्राण्यांच्या अश्मीभूत अस्थी मिळाल्या आहेत. आज जेथे ज्वारीची शेते आहेत, तेथे एके काळी हे कळप चरत होते, हे त्यावरून कळते.

उंचावर राहिलेल्या या जमिनीचा माणसाला दुहेरी लाभ झाला. शेतीस खोल, मऊ माती मिळाली आणि वस्तीस पुरापासून बहुधा सुरक्षित असलेला काठ मिळाला.

पहिले शेतकरी

या काठांवर शेतकऱ्यांची पहिली गावे सुमारे ४,००० वर्षांपूर्वी वसली. त्यांतील काहींची नावे शिक्षकांस परिचित असतील. संगमनेर तालुक्यातील जोर्वे, नेवासे आणि श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद ही तिन्ही स्थळे प्रवरेच्या काठी आहेत. जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. तेथील तांबड्या रंगाची, काळ्या रेघांची, पातळ व उत्तम भाजलेली भांडी इतकी वैशिष्ट्यपूर्ण ठरली की, त्या साऱ्या संस्कृतीलाच ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव पडले. दायमाबाद येथे १९७४ साली हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशा चार भरीव धातुशिल्पांचा ठेवा मिळाला.

या लोकांस लोखंड ठाऊक नव्हते. तांबे दुर्मीळ होते. हत्यारे बहुतेक गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्यांची असत. पठारावरील भारी काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक आणि पावसाळ्यात चिखलाने जड होते. लोखंडी फाळावाचून ती मोठ्या प्रमाणावर नांगरणे दुष्कर होते. नदीकाठचा गाळ मात्र हलका व ओल धरणारा असल्याने साध्या अवजारांनीही कसता येई. तेव्हा माणसाने नदीकाठ निवडला तो केवळ पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे. त्याच्या हातातील अवजाराला झेपेल अशी माती तेथेच होती.

इनामगावचा पाट

या शेतकऱ्यांच्या जीवनाचे सर्वांत स्पष्ट चित्र पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे मिळाले. घोड नदीच्या काठावरील या स्थळाचे उत्खनन १९६८ सालापासून अनेक वर्षे डेक्कन कॉलेजाने केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी हे विद्वान या कार्यात प्रमुख होते. येथील वस्ती सुमारे इ. स. पू. १६०० ते इ. स. पू. ७०० या काळातील होती.

इ. स. पू. १४०० ते १००० हा तिचा भरभराटीचा काळ. त्या वेळची घरे चौकोनी व प्रशस्त, मातीच्या बुटक्या भिंतींची आणि रांगेने बांधलेली होती. जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ व वाल यांचे जळके दाणे तेथे मिळाले. गावात एक पाच खोल्यांचे मोठे घर होते व त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. गावच्या धान्याची साठवण व देखरेख एका प्रमुखाकडे असावी, असा अभ्यासकांनी यावरून निष्कर्ष काढला.

पूरमैदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध म्हणजे तेथे सापडलेला खणलेला पाट आणि त्याच्या कडेचा बांध. नदीला पूर आला म्हणजे जादा पाणी या पाटात घेतले जाई. बांधामुळे वस्तीचे संरक्षण होई आणि पाटातील पाण्यावर रब्बीचे पीक निघे. गहू हे थंडीतले पीक असून त्या कोरड्या मुलखात केवळ पावसावर त्याचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा पाटाचे पाणी हाच त्याचा आधार होता. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी, पावडे व घमेले यांहून फारशी निराळी साधने हाती नसताना, एका लहान गावाने नदीचा पूर आपल्या शेताकडे वळविला. निसर्गाने घडविलेल्या पूरमैदानावर माणसाने ओढलेली ही एक आरंभीची रेघ होय.

असे काम एकट्यादुकट्याचे नसते. पाट दरवर्षी गाळाने भरतो व दरवर्षी उपसावा लागतो. बांध फुटतो व पुन्हा घालावा लागतो. म्हणून जेथे पाट आढळतो, तेथे तो राखणारी एकजूटही होती, असे समजावे.

पाऊस हटला तेव्हा

इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटले. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे गावे ओस पडली. इनामगाव मात्र आणखी सुमारे ३०० वर्षे टिकले. पण ते पूर्वीचे राहिले नाही. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. गव्हाचे पीक मागे पडले आणि शेळ्यामेंढ्या व हरणांची शिकार यांवर निर्वाहाचा भार वाढला. पाऊसमान घटून दुष्काळ वारंवार पडू लागल्यामुळे हे घडले, असे प्रा. ढवळीकर यांनी प्रतिपादन केले.

येथे शिक्षकाने एका गोष्टीकडे आवर्जून लक्ष वेधावे. गोल झोपड्यांत राहणारे हे कोणी नवे लोक नव्हते. दगावलेले मूल दोन मडक्यांत, तोंडास तोंड जुळवून, घराच्या जमिनीखालीच पुरण्याची जुनी चाल या काळातही तशीच चालू राहिली. माणसे तीच होती. बदलला होता तो त्यांचा निर्वाह. अडचणीत आलेल्या समाजाने आपली राहणी आखडती घेतली, पीक बदलले, गुरांमागे फिरणे पत्करले आणि दहा-बारा पिढ्या तग धरला. शेवटी इ. स. पू. ७०० च्या सुमारास तेही गाव उठले.

पाट खणणारे गावही पावसाच्या दीर्घ ओहोटीपुढे टिकू शकले नाही, यावरून हवामान हेच सर्व काही ठरविते असा अर्थ मात्र काढू नये. हवामानाने मर्यादा घातली; त्या मर्यादेत ३०० वर्षे कसे जगावे, हे माणसांनी ठरविले. ओस पडलेले काठही कायमचे ओस राहिले नाहीत. काही शतकांनी, लोखंडी फाळ हाती आल्यावर, सातवाहनांच्या काळात गोदावरीकाठी पैठण व प्रवरेकाठी नेवासे ही गावे गजबजली आणि भारी काळ्या जमिनीही लागवडीखाली आल्या.

पाण्याची वाटणी : फड पद्धती

नदीचे पाणी वळविण्याची विद्या पुढे अधिक परिपक्व झाली. तिचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, गिरणा आदी नद्यांवरील फड पद्धती. ब्रिटिश अंमलाच्या आधीपासून चालत आलेल्या या पद्धतीत नदीच्या पात्रात सोयीच्या जागी बुटका दगडी बंधारा घालीत. बंधाऱ्याने पाण्याची पातळी थोडी उंचावली की ते काठावरील पाटात शिरे. पूर आला तर जादा पाणी बंधाऱ्यावरून निघून जाई आणि खालच्या गावच्या बंधाऱ्यास मिळे. नदी अडविली जात नसे. तिच्याकडून वाटा घेतला जात असे.

पाटाखालील जमिनीचे साधारणतः तीन किंवा चार भाग पाडीत. प्रत्येक भागास फड म्हणत आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक घेत. पुढील वर्षी पिकांचा फेर बदले. शेतकऱ्याची जमीन साधारणतः निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर ती झळ सर्वांस सारखी बसे. पाणी देण्याचे काम पाटकरी करी, पिकांची राखण जागल्या करी आणि पाटाचा गाळ काढण्यास सर्व लाभधारक एकत्र येत. पाण्याची तूट ही एकाची आपत्ती न होता सर्वांची अडचण व्हावी, ही या व्यवस्थेतील मुख्य कल्पना होय.

जेथे पाट नव्हता तेथे माणसाने अन्य उपाय केले. नदीच्या काठाशी बुडकी खणून तीवर मोट चालविली. पूर ओसरल्यावर मळईच्या जमिनीत ओलीवरची पिके घेतली. उन्हाळ्यात पात्रातील वाळूत कलिंगड-खरबुजांच्या वाड्या केल्या. उतारावर बांध व ताली घालून माती अडविली. जुन्या महसुली कागदांतील पाटस्थळ व मोटस्थळ हे शब्द या उद्योगाची साक्ष देतात. याच्या उलट बाजूही आहे. काठावरील झाडे सरपणासाठी तुटली, गुरांच्या खुरांनी माती मोकळी झाली, त्या ठिकाणी पावसाच्या ओहळांना वाट मिळाली. प्रवरेच्या काठी दिसणाऱ्या घळींचे जाळे मुळात नदीचे पात्र खोल गेल्यामुळे तयार झाले. परंतु उघड्या मातीवर अशा घळी अधिक वेगाने पसरतात. माणसाचा हात जमीन घडवितो, तसा बिघडवितोही.

आणि पाऊसमानाचा अंकुश या सर्वांवर होताच. १६३० ते १६३२ या वर्षांच्या भीषण दुष्काळात आधी अवर्षणाने व मागाहून अतिवृष्टीने दख्खनमधील पिके बुडाली व गावेच्या गावे उजाड झाली. अशी गावे पुन्हा वसविण्यासाठी त्या काळचे राज्यकर्ते कौल देत. आरंभी सारा अगदी हलका ठेवून तो वर्षावर्षाने चढवीत नेण्याच्या रीतीस इस्तावा म्हणत. पडीक पडलेला नदीकाठ पुन्हा लागवडीस येण्यास पावसाइतकाच अशा सवलतींचाही हातभार लागे.

काळी आणि पांढरी

मराठीत गावच्या शेतजमिनीस ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणतात. या दोन शब्दांत या पाठाचे सार आले आहे. काळी ही मुळात खडक, पाऊस व नदी यांनी दिली. पांढरी माणसांनी केली. मातीची घरे पडली, त्यांवर नवी उभी राहिली. चुलीची राख, शेण, हाडे, खापरे व धान्याचा भुसा यांची शतकानुशतके भर पडून जमिनीचा रंग पालटला आणि टेकाड उंचावले. नेवाशाच्या टेकाडात जोर्वे संस्कृतीच्या थरावर सातवाहनकाळाचे आणि त्यावर मध्ययुगाचे थर सापडले. नदीच्या दरडीत जसा पावसाचा इतिहास थराथराने साठलेला आहे, तसाच पांढरीत माणसाचा आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तरच नदीकाठाची हकीकत पुरी कळते.

खेदाची गोष्ट अशी की, हे दोन्ही ग्रंथ वाचण्यापूर्वीच फाटत आहेत. राख व शेण यांमुळे पांढरीची माती खतासारखी गुणकारी असते. म्हणून अनेक ठिकाणी जुनी टेकाडे खणून ती माती शेतात टाकण्यात आली. नदीतील वाळूचा बेसुमार उपसा झाला म्हणजे काठ ढासळतात व दरडीतील थरही नाहीसे होतात. गरजेपोटी माती नेणाऱ्या शेतकऱ्यास दोष देऊन भागणार नाही. त्या मातीत काय आहे, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्याचे स्थान गावची शाळा हेच होय.

अध्यापनासाठी सूचना

१. काचेच्या बरणीत नदीकाठची मूठभर माती व पाणी घालून हलवावे आणि बरणी स्थिर ठेवावी. प्रथम खडे, नंतर वाळू व शेवटी बारीक गाळ कसा बसतो, ते विद्यार्थ्यांनी पाहावे. वेग मंदावला की नदी ओझे टाकते, हे त्यावरून समजावून द्यावे.

२. पावसाळा संपल्यावर वर्गाची नदीकाठी सहल न्यावी. दरडीचे थर दूर उभे राहून मोजावे व त्यांची आकृती वहीत काढावी. दरडीच्या अगदी कडेला किंवा पायथ्याशी कोणासही जाऊ देऊ नये.

३. गावातील वृद्धांस विचारून आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कोठवर आले होते, ते नकाशात दाखवावे. गावठाण त्या रेषेच्या वर आहे की खाली, याची विद्यार्थ्यांशी चर्चा करावी.

४. टेकाडावर काळ्या नक्षीची तांबडी खापरे आढळल्यास ती कोठे दिसली याची नोंद करावी. परंतु टेकाड खणू नये. महत्त्वाचे काही आढळल्यास ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावे.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. गावात पाऊस नसतानाही नदीला पूर कसा येतो?
२. पाऊस घटल्यावर इनामगावच्या लोकांनी आपल्या राहणीत कोणते बदल केले?
३. फड पद्धतीत एका शेतकऱ्याची जमीन अनेक फडांत असण्याचा काय फायदा होता?
४. आपल्या गावची काळी कोणत्या नदीने वा ओढ्याने आणली आणि पांढरी किती जुनी असावी? हे शोधण्यासाठी कोणाकोणास विचारावे लागेल?

शेवटच्या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ते प्रत्येक गावात निराळे आहे. ते विद्यार्थ्यांनी गावात हिंडून, पाहून व विचारून मिळवावे आणि शाळेच्या दप्तरी लिहून ठेवावे. अशी एक वही प्रत्येक नदीकाठच्या शाळेत तयार झाली, तर या पाठाचा हेतू सफल झाला असे मानावे.